पीर पंजालचा लोहमार्ग

सोलापुरास आगगाडी आली ती १८६० साली, आणि मुंबई-पुण्याच्या वाटेवरचा बोरघाट आगगाडीने ओलांडला तो १८६३ च्या एप्रिलात. म्हणजे जवळजवळ तीन वर्षे आमच्या गावचा उतारू पुण्यापलीकडे खंडाळ्यापर्यंत गाडीने जाई, तेथे उतरून पालखी, तट्टू अथवा छकडा, ज्याच्या कनवटीला जे परवडेल ते, करून घाट उतरे, आणि खोपोलीस पुन्हा दुसऱ्या गाडीत बसून मुंबईची वाट धरी. घाटाच्या दोन्ही अंगांस रूळ आधी पडले आणि घाट शेवटी जिंकला गेला, ही गोष्ट प्रथमदर्शनी उलटी वाटते. परंतु ज्याने डोंगरी मुलखातील बांधकामाचा जमाखर्च थोडासा जरी चाळला आहे त्यास ठाऊक असते की, सपाटीवर रूळ टाकणे हे पैशाचे काम आहे आणि घाटात रूळ टाकणे हे रसदीचे, ऋतूचे आणि माणसांच्या प्रकृतीचे काम आहे.

बोरघाटाचे काम १८५६ च्या आरंभी सुरू झाले. मुख्य अभियंता जेम्स बर्कली. मक्ता प्रथम फॅव्हिएल नावाच्या इंग्रज मक्तेदाराकडे. सुमारे पावणेसोळा मैलांत अठराशेंहून अधिक फुटांची चढण, ३७ फुटांस १ फूट असा उतार, पंचवीस बोगदे, आणि शिवाय जून ते सप्टेंबर हे चार महिने सह्याद्रीचा पाऊस असा की खणलेले बुजावे आणि रचलेले वाहून जावे. तेव्हा वर्षाचे बारा महिने हिशेबात धरता येतच नसत. आठ महिन्यांच्या मोसमात मजूर गोळा करावयाचे, झोपड्या उभारावयाच्या, धान्य भरावयाचे, आणि पाऊस आला की सारे उधळून द्यावयाचे. कामाने भर गाठली तेव्हा चाळीस हजारांवर माणसे त्या कड्यांवर राबत होती आणि पटकीच्या साथीने त्यांतली हजारो दगावली. मजुरीच्या तक्रारींवरून १८५९ च्या जानेवारीत दंगाही झाला. त्याच वर्षी फॅव्हिएलने मक्ता सोडला आणि सॉलोमन ट्रेडवेल नावाचा दुसरा मक्तेदार विलायतेहून आला, तो काही आठवड्यांतच मरण पावला. तेव्हा त्याची विधवा ॲलिस ट्रेडवेल हिने मक्ता आपल्या नावावर चालू ठेवून, अनुभवी कारभारी नेमून, काम तडीस नेले. या बाईचे नाव आमच्या शाळांतून कधी कानांवर पडले नाही, याचे मला फार नवल वाटत आले आहे.

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत बसून काश्मीरच्या रेल्वेचा विचार करू लागलो की बोरघाट आधी आठवतो तो यामुळेच. काश्मीरच्या खोऱ्यात काझीगुंड ते बारामुल्ला हा ११८ किलोमीटरचा मार्ग २००८-०९ या दोन वर्षांत टप्प्याटप्प्याने खुला झाला. परंतु तो बाकीच्या हिंदुस्थानाशी जोडला गेला २०२५ च्या जूनमध्ये. मधली सोळा वर्षे ती रेल्वे चहूंकडून पर्वतांनी वेढलेल्या ताटात एकटीच धावत होती. तिचे डबे मद्रासच्या पेरांबूर भागातल्या कारखान्यातले. ते मोठमोठ्या ट्रेलरांवर लादून डोंगरी सडकेने, १९५६ साली खुल्या झालेल्या जवाहर बोगद्यातून, खोऱ्यात उतरवावे लागले. रेल्वेला सडकेच्या खांद्यावर बसून आपल्या जागी जावे लागावे, हा देखावा बोरघाटच्या काळातील कोणाही कारकुनास ओळखीचा वाटला असता.

संक्रांतीच्या गड्ड्याची यात्रा आटोपली आणि मी निघालो. काश्मीर पाहावयाचे ते वैशाखात, ही सर्वमान्य रूढी. पण मला सरोवरे आणि बगीचे पाहावयाचे नव्हते, थंडीतली रेल्वे पाहावयाची होती. दौंडास झेलम एक्सप्रेस धरली. सोलापुरी चादरी दोन, शेंगांची चटणी, कडक भाकरी असा जामानिमा बरोबर होता, आणि झेलमला लागतात त्या दोन रात्रींत चटणीचा निम्मा डबा शेजारच्या जवानांनी संपविला. भोपाळपर्यंत अंगावर सदरा पुरला, दिल्ली सोडल्यावर धुक्याने गाडीची चाल मंदावली आणि पहिली चादर निघाली, पठाणकोटला दुसरी. जम्मूस उतरलो तेव्हा तावी नदीवरून येणारा वारा सोलापूरकराच्या हाडांना अनोळखी होता. जम्मूचा आगगाडीशी संबंधही विचित्रच. सियालकोटाहून येथे १८९० सालीच रेल्वे आली होती. फाळणीने ती तोडली आणि पठाणकोटच्या बाजूने पुन्हा जोडणी होण्यास १९७२ साल उजाडले. महाराजा प्रतापसिंहांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस श्रीनगरपर्यंत रेल्वे नेण्याची तजवीज मांडली, मोजण्या झाल्या, नकाशे झाले, आणि दप्तरे बांधून ठेवली गेली.

जम्मूहून कटऱ्यास मोटारीने जाताना शेजारी कुडाळकडचे एक गृहस्थ भेटले. कोकण रेल्वेच्या कामावर तरुणपणी लागलेले, पुढे रियासीच्या बाजूस बदलून आलेले, आता निवृत्त होऊन सहकुटुंब वैष्णोदेवीस निघालेले. कोकणी माणूस येथे भेटावा यात योगायोग थोडाच होता, कारण उधमपूर-श्रीनगर-बारामुल्ला या २७२ किलोमीटरच्या मार्गापैकी कटऱ्याच्या पुढचा, चिनाब ओलांडणारा अवघड टापू रेल्वे खात्याने बेलापुरास मुख्य कचेरी असलेल्या कोकण रेल्वेच्या हवाली केला होता. खोऱ्यातले व बनिहालकडचे काम इरकॉन या सरकारी कंपनीकडे होते. १९९० साली मधु दंडवते आणि जॉर्ज फर्नांडिस यांच्या उद्योगाने सुरू होऊन १९९८ साली पुरी झालेली कोकण रेल्वे, तिचे नव्वदहून अधिक बोगदे, पानवल नदीवरचा ६४ मीटर उंचीचा पूल, पावसाळ्यात ढासळणाऱ्या दरडी, या शाळेत जे शिकले त्यांनाच हिमालयाची परीक्षा द्यावयास पाठविले गेले. मी त्या गृहस्थांजवळ चिनाबच्या पुलाची स्तुती सुरू केली, तेव्हा त्यांनी मला मध्येच थांबविले.

“काका, पूल सगळे बघतात. रस्ता कोण बघत नाय.”

रस्ता म्हणजे कोणता, हे मी विचारले आणि पुढला तासभर ऐकत राहिलो. ज्या डोंगरांतून लोहमार्ग जावयाचा तेथे आरंभी गाडीवाटही नव्हती. पाहणी करणारे लोक पायी अथवा खेचरांवरून जात. एक पोते सिमेंट पोहोचवावयाचे तर आधी सडक हवी. सडकेस मध्ये नाले आले की पूल हवे. म्हणून रेल्वेचा एक रूळ पडण्यापूर्वी दोनशे किलोमीटरहून अधिक लांबीच्या पोचसडका, त्यांवरचे शेकडो लहान पूल आणि एक बोगदासुद्धा बांधावा लागला. या सडकांचे पहिले फळ रेल्वेस मिळण्याआधी गावांना मिळाले. ज्या वस्त्यांतून आजाऱ्यास खाटेवर घालून उतरावे लागे तेथे मोटार जाऊ लागली. जमिनीच्या बदल्यात, ज्यांची पंचाहत्तर टक्क्यांहून अधिक जमीन संपादनात गेली त्यांच्या घरातील एकास रेल्वेत नोकरी, असा ठराव होता. आमचे गृहस्थ म्हणाले, “मोबदल्याचा पैसा दोन वर्षांत संपता. नोकरीवाला मुलगा मात्र पुढे आपल्याच बोगद्याची राखण करता.” यात हिशेबीपणा आहे तसे शहाणपणही आहे. या मुलखात कामावरच्या माणसांच्या जिवालाच धोका होता. २००४ साली इरकॉनच्या एका अभियंत्याचे अपहरण होऊन हत्या झाली, आणि त्यानंतर किती तरी काळ शस्त्रधारी पहाऱ्याशिवाय मोजणीची खुंटीदेखील ठोकली जात नसे.

कटऱ्यास मोटार सोडून गाडी धरली. श्रीनगरची वंदे भारत तेव्हा येथून सुटे, आणि तिच्यात बसण्याआधी सामानाची झडती अशी कसून झाली की माझ्या चटणीच्या डब्याचाही पंचनामा झाला. गाडी सुटताच ती त्रिकूट पर्वताच्या पायथ्यातून जाणाऱ्या बोगद्यात शिरते. लांबी अवघी ३.२ किलोमीटर, परंतु साऱ्या मार्गात सर्वांत शेवटी पुरा झालेला हाच. कारण असे की हिमालयाच्या पोटात जेथे एक भूस्तर दुसऱ्यावर सरकून चढला आहे ती मोठी भेग नेमकी येथून जाते. तेथला खडक खडक राहिलेला नाही, चुरा झाला आहे, आणि त्या चुऱ्यातून पाण्याचे झरे वाहतात. खणावे तेवढे वरून येई. शेवटी पुढे खणावयाच्या जागी आधी पोलादी नळ्यांचे छत्र रोवून, रासायनिक द्रव्यांनी चुरा घट्ट करून, खोलवर निचऱ्याच्या नळ्या घालून पाणी काढून घेत काम पुढे सरकविले गेले. गाडीला तो पार करावयास काही मिनिटे लागतात. त्यानंतर अंजीच्या दरीवरचा पूल येतो; एकाच मनोऱ्यावर ९६ पोलादी दोरांनी टांगलेला आणि नदीच्या पात्रापासून ३३१ मीटर उंच.

पुढे रियासी, आणि मग चिनाब. हा पूल गाडीतून दिसतच नाही, ही गोष्ट कोणी सांगत नाही! आपण त्याच्या माथ्यावर असतो, कमान पायांखाली असते, आणि खिडकीतून दिसते ती केवळ पोकळी व तिच्या तळाशी दोऱ्यासारखी हिरवी नदी. पात्रापासून उंची ३५९ मीटर, म्हणजे पॅरिसच्या आयफेल मनोऱ्याहूनही अधिक. लांबी १,३१५ मीटर. कमानीचा पल्ला ४६७ मीटर. पोलाद २८ हजार टनांच्या वर. आकडे असे तोंडपाठ म्हणून दाखविता येतात, पण त्यांच्या मागची व्यवस्था अधिक विचारणीय आहे. एवढ्या मोठ्या लोखंडी पेट्या डोंगरी वळणांवरून आणणे अशक्य होते. तेव्हा पत्रे आणून, ते कापावयाचे, सांधावयाचे, रंगवावयाचे कारखानेच दोन्ही काठांवर उभारले गेले. दरीच्या दोन बाजूंस मनोरे उभे करून त्यांमधून ताणलेल्या दोरावरच्या यारीने एकेक तुकडा पोकळीत नेऊन जागी बसविला. दोन्ही काठांनी अशी हात पुढे करीत आलेली कमान २०२१ च्या एप्रिलात मधोमध जुळली.

कामाचा आरंभ आणि ही जुळणी यांत जो काळ गेला त्यात केवळ वारा आणि खडक नव्हते, वादही होते. २००८ साली काम तहकूब झाले, आखणी तपासली गेली, दोन वर्षांनी पुन्हा सुरू झाले. प्रकरण दिल्लीच्या उच्च न्यायालयापर्यंत गेले. आणि ज्या ई. श्रीधरन यांनी कोकण रेल्वे उभी केली त्यांच्याच अध्यक्षतेखालील समितीने पुढे या आखणीविषयी प्रतिकूल मत दिले. रेल्वे खाते आपल्या आखणीवर ठाम राहिले. पूल उभा आहे, गाड्या धावत आहेत, तेव्हा वाद मिटला असे म्हणण्याचा मोह होतो. पण डोंगराच्या उतारांविषयीचा निकाल पाच-दहा वर्षांत लागत नाही. बोरघाटातला म्हाऊकीमळीचा पूल गाडी सुरू झाल्यानंतर चार वर्षांनी, १८६७ साली, कोसळला होता, ही गोष्ट मला तरी विसरता येत नाही. चिनाबच्या पुलावर वाऱ्याचा वेग मोजणारी यंत्रे आहेत आणि ताशी ९० किलोमीटरच्या वर वारा गेला की गाड्या रोखून धरतात, हे ऐकून बरे वाटले.

संगलदानच्या पुढे बहुतेक प्रवास अंधारातच. सुंबर आणि खडी यांच्यामधला बोगदा पावणेतेरा किलोमीटरांचा, वापरातल्या रेल्वे-बोगद्यांत देशातला सर्वांत लांब. साऱ्या मार्गात बोगदेच मिळून ११९ किलोमीटर भरतात आणि लहानमोठे पूल नऊशेंहून अधिक. बोरघाटात ३७ फुटांस १ फूट असा चढ पत्करला, म्हणून आजही कर्जतहून चढणाऱ्या गाडीस मागून इंजिने लावावी लागतात. येथे ८० स १ याहून अधिक चढ द्यावयाचा नाही असे ठरले, म्हणून डोंगरावर चढण्याऐवजी डोंगराच्या पोटातून जावे लागले. आरंभी पैसा वाचविला की पुढे पिढ्यान् पिढ्या इंजिनांचे भाडे भरावे लागते. आरंभी पैसा ओतला तर, येथल्याप्रमाणे, खर्च सुमारे ४३,७८० कोटींवर जातो. कोणते शहाणपणाचे हे ज्याच्या हाती तिजोरी त्याने ठरवावे.

बनिहालास मी मुद्दाम उतरलो. फलाटावर हिमाचे ढीग फावड्याने ओढून कडेला रचलेले होते आणि पांढऱ्या धुकटात माणसे आपल्या फेरनांच्या आत हात घेऊन उभी होती, त्यामुळे प्रत्येकास पोट सुटले आहे असा भास होई. चहाच्या टपरीवाल्याने माझी थरथर पाहून आपली कांगडी पुढे केली. वेताच्या विणीत बसविलेले मातीचे भांडे, त्यात राखेखाली धुमसणारे निखारे. ती दोन्ही हातांत धरावयाची आणि अंगरख्याच्या आत पोटाशी न्यावयाची. मी ती चादरीखाली घेऊ लागताच तो ओरडला, “नहीं चाचा, नहीं!” आणि हिवाळ्यात भाजून येणाऱ्या परक्यांच्या कथा सांगू लागला. डिसेंबरच्या २१ तारखेपासून चाळीस दिवसांचा चिल्लई कलां चालू होता. त्यापाठी वीस दिवसांचा चिल्लई खुर्द, मग दहा दिवसांचा चिल्लई बच्चा. आमच्याकडे नक्षत्रांवर पावसाचा हिशेब चालतो, तसा येथे थंडीचा.

या थंडीत बांधकाम कसे चालते? काँक्रीट घट्ट होणे ही एक रासायनिक क्रिया आहे आणि ती उष्णतेवर चालते. पारा गोठणबिंदूजवळ आला की ती मंदावते, आणि ओल्या काँक्रीटमधले पाणीच गोठले तर ते आतून फुगून सारा जोड फोडते. म्हणून मिश्रणाचे पाणी तापवावे लागते, ओतलेला भाग झाकून ऊब राखावी लागते, आणि जे उघड्यावर करता येत नाही ते वसंतापर्यंत थांबवावे लागते. बोगद्याचे मात्र उलटे असते. डोंगराच्या पोटात हिवाळा पोहोचत नाही; तेव्हा बाहेर हिम पडत असता आत खणणे चालू राहू शकते, फक्त रसद आधीच भरून ठेवलेली हवी, कारण श्रीनगरची सडक दरडींनी कधी बंद होईल याचा नेम नसतो.

खऱ्या उत्तर ध्रुवाकडच्या मुलखात तर ऋतूंचा सारा जमाखर्चच उलटा होतो. रशियाच्या यमल द्वीपकल्पात ओब्स्काया ते बोवानेन्कोवो आणि पुढे कार्स्कायापर्यंत जो ५७२ किलोमीटरांचा मार्ग गाझप्रोम या वायू-कंपनीने २०११ पर्यंत नेला, तेथे उन्हाळा हाच शत्रू. जमीन खोलवर कायमची गोठलेली. उन्हाळ्यात तिचा वरचा थर वितळून दलदल होते, तेव्हा हिवाळ्यातच, गोठलेल्या भूमीवर गोठलेल्या वाळूचा भराव रचून, मध्ये उष्णतारोधक थर घालून, ती पुन्हा वितळू नये अशी तजवीज करावी लागली. युरिबेई नदीवर तर ३.९ किलोमीटर लांबीचा पूल बांधला गेला. तिबेटात जाणाऱ्या चिनी मार्गावर भरावाच्या कडेने लोखंडी नळ्यांच्या रांगा दिसतात. त्यांतला अमोनिया हिवाळ्यात जमिनीतली उष्णता वर आणून हवेत सोडतो, म्हणजे तळ गोठलेलाच राहतो. आणि सालेखार्ड ते इगार्का हा जो मार्ग स्टालिनने १९४७ पासून बंदिवानांच्या श्रमाने चालविला, तो त्याच्या मृत्यूबरोबर १९५३ साली सोडून दिला गेला; माणसे हुकमाने आणता येतात, भूमी हुकूम मानीत नाही. बोरघाटात पावसाळा टाळून आठ महिने, बनिहालात हिम टाळून उन्हाळा, यमलमध्ये उन्हाळा टाळून हिवाळा: असल्या कामाच्या मुख्य अधिकाऱ्याचे पहिले हत्यार सुरुंग नसून पंचांग आहे, असे मला वाटते.

बनिहाल आणि काझीगुंड यांच्यामध्ये पीर पंजाल पर्वतरांगेखालचा ११.२ किलोमीटरचा बोगदा आहे. जवाहर बोगद्याहून तो चारशेंहून अधिक मीटर खाली आहे. म्हणून सडक हिमाखाली गाडली गेली तरी रेल्वे चालते. आत रुळांच्या कडेने तीन मीटर रुंदीचा पक्का रस्ता दिव्यांच्या ओळीत दिसतो. दुरुस्तीची अथवा अपघाताची गाडी त्यावरून जावी, ही योजना. २०१३ सालच्या जूनमध्ये तो खुला झाला, आणि काही मिनिटांत माणूस जम्मूच्या बाजूचा डोंगर सोडून काश्मीरच्या सपाटीत येतो. माझ्या गाडीने हे केले तेव्हा अलीकडे रिमझिम होती आणि पलीकडे चिनारांच्या उघड्या फांद्यांपासून शेतांच्या बांधांपर्यंत सर्वत्र पांढरे.

काझीगुंडला रुळांवर हातोडी घेऊन चाललेले गँगमन पाहिले आणि सोलापूरची आठवण झाली. सांधून अखंड केलेला रूळ आमच्याकडे मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात लांबू पाहतो आणि वाकतो. म्हणून दुपारची गस्त. येथे तोच रूळ पहाटेच्या थंडीत आखडू पाहतो आणि सांध्याशी तडकतो. म्हणून रात्रीची गस्त. हजार मीटर पोलाद चाळीस अंशांच्या फरकाने सुमारे अर्धा मीटर लांब-आखूड होते, मग चिनाबवरील पुलाचे काय होत असेल याची कल्पना करावी. हिम फार पडले की इंजिनाच्या तोंडाशी फाळ लावलेली गाडी पुढे पाठवून मार्ग मोकळा करतात. प्रवासी गाडीलाही थंडीची दीक्षा दिलेली आहे: चालकाच्या काचेत तापणाऱ्या तारा, आणि संडासाच्या टाक्या गोठू नयेत म्हणून त्यांना ऊब.

अनंतनागला नवा माल-धक्का आहे. २०२५ च्या ऑगस्टात पंजाबातून सिमेंटची पहिली मालगाडी येथे आली, आणि थोड्याच दिवसांत पावसाने सडक खचून सफरचंदांच्या लाऱ्या अडकल्या असता बडगामहून दिल्लीस फळांची पार्सलगाडी सुटू लागली. रेल्वेचा उपयोग सहलकऱ्यांपेक्षा या बागाइतदारांना अधिक होईल असे माझे मत झाले आहे.

जाऊ इच्छिणाऱ्या सोलापूरकरांसाठी दोन सूचना. मोबाइलचे प्रीपेड कार्ड जम्मूच्या हद्दीत शिरताच मुके होते, तेव्हा पोस्टपेडवाला सोबती गाठावा. श्रीनगरचे स्थानक शहरापासून बरेच दूर, नौगामला आहे. संध्याकाळच्या गाडीने पोहोचणाऱ्याने मुक्कामाची व मोटारीची तजवीज कटऱ्यासच करून ठेवावी, कारण चिल्लई कलांत तेथे दिवे लागणीनंतर फलाटाबाहेर फारसे कोणी थांबत नाही.